अन्ननलिकेचे दोन नकाशे

चीनच्या हेनान प्रांतात, ताइहांग डोंगररांगेच्या पायथ्याशी लिनश्यान नावाचा परगणा होता. तिथल्या कोंबड्यांनाही गळ्याचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग व्हायचा. ऐकीव गोष्ट वाटेल, पण चिनी संशोधकांनी त्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खात्री करून घेतली होती. कोंबड्या माणसांच्याच अंगणात वावरत, त्यांच्याच ताटातले उरलेसुरले टिपत. माणसांमध्ये हा रोग इतका होता, की १९५० चे दशक सरताना गाऱ्हाणे थेट पंतप्रधान चौ एन्लाय यांच्या कानावर गेले आणि पुढे डॉक्टरांची पथके तिथे मुक्कामाला आली.

त्याच काळात हेनानमधले एक विकृतिशास्त्रज्ञ, शेन च्योंग, यांनी एक साधी युक्ती काढली. जाळीत गुंडाळलेला छोटा फुगा रुग्णाने नळीसकट गिळायचा, पोटात पोचला की नळीतून हवा भरायची आणि फुगा हळूहळू वर ओढायचा. जाळीला अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशी चिकटून येत आणि त्या काचपट्टीवर पसरून पाहता येत. ना भूल लागे, ना वीज, ना दुर्बीण. गावोगावच्या शाळांत, कचेऱ्यांत हजारो लोकांनी हे फुगे गिळले. नंतरच्या मोजमापात ही पद्धत कमी पडली, बऱ्याच गाठी तिच्या हातून निसटतात असे दिसले आणि ती मागे पडली. पण ज्या रोगाचा रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतो तोच मुळात उशिरा, त्या रोगाच्या मागावर डॉक्टरांनीच गावात जायचे, हा उलटा प्रवास लिनश्यानने फार लवकर करून दाखवला.

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे जगात दरवर्षी पाच लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसे दगावतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. भारताच्या वाट्याला त्यातले सुमारे ७० हजार रुग्ण येतात आणि पासष्ट हजारांहून अधिक मृत्यू. रुग्ण आणि मृत्यू हे दोन आकडे जितके जवळ, तितका रोग वाईट. आणि भारतात ते जगाच्या सरासरीपेक्षाही जवळ आहेत. या रोगाचे खरे म्हणजे दोन नकाशे काढावे लागतात. पहिला, तो कुठे होतो याचा. दुसरा, झाल्यावर माणूस कुठे वाचतो याचा. पहिल्या नकाशावर पन्नास-साठ वर्षे कसून काम झाले आहे. दुसरा अजून अर्धाकच्चा आहे आणि प्रस्तुत विषय तो आहे. पण पहिला न पाहता दुसरा वाचता येत नाही, म्हणून आधी त्याच्यावरून एक नजर.

उत्तर इराणपासून मध्य आशियातून उत्तर चीनपर्यंत एक लांबलचक पट्टा आहे. तिथे हा रोग इतरांच्या कितीतरी पट आढळतो. कॅस्पियन समुद्राकाठच्या इराणी मुलखाकडे जगाचे लक्ष वेधले ते क्मेट आणि महबूबी या दोघांच्या १९७२ मधल्या लेखाने. गोन्बदच्या आसपासच्या तुर्कमेन वस्तीत लाखामागे शंभराहून अधिक रुग्ण, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त! दारू जवळपास नाही, बायकांत तंबाखूही नगण्य. मग कारण काय? २००४ ते २००८ या काळात गोलेस्तान प्रांतातल्या पन्नास हजारांवर लोकांची नावे नोंदवून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा सुरू झाला. संशोधक घरी जात, चहा ओतायला लावत आणि कपात तापमापक धरून तो किती तापमानाला प्यायला जातो ते टिपून घेत. कढत चहा, अफू, फळे आणि भाज्यांची टंचाई, किडके दात, आणि या सगळ्यांच्या मुळाशी गरिबी, असे उत्तर हळूहळू जुळत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली, तर २०२० मध्ये अफूचे सेवन निःसंशय कर्करोगकारकांच्या यादीत टाकले. (बशीत ओतून, फुंकर घालून चहा पिणाऱ्या आपल्या आजोबांची लोकांनी उगाच थट्टा केली म्हणायची.)

पूर्व आफ्रिकेत असाच दुसरा पट्टा इथिओपिया, केनिया, टांझानियातून मलावीमार्गे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपपर्यंत उतरतो. मलावीतला दर जगात सर्वांत वरच्यांपैकी. भारतात काश्मीर खोरे आणि ईशान्य ही दोन ठिकाणे. काश्मीरबद्दल डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये लिहिले. तिथला मिठाचा, सोडा घातलेला नून चहा, हिवाळ्यासाठी उन्हात वाळवलेल्या भाज्या आणि हुक्का हे त्यातले संशयित. मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात २०१२ ते २०१६ या वर्षांत पुरुषांत लाखामागे ७५ आणि स्त्रियांत ३३ च्या वर असा दर नोंदला गेला. महाराष्ट्रातल्या नोंदवह्यांत तो साधारण एक आकडी असतो. खासी घरात पाहुण्यापुढे पहिल्यांदा येते ते क्वाय, म्हणजे कच्ची किंवा आंबवलेली ओली सुपारी, पान आणि चुना. आसामात तेच तामूल. नुसती सुपारी, तंबाखू न घालताही, कर्करोगकारक ठरून वीस वर्षे उलटली. पण पाहुणचाराच्या तबकातून ती उठवायची कोणी?

आता यात एक गाठ आहे. ती सोडवली नाही तर पुढची सगळी तुलना फसते. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ते जवळजवळ दोन स्वतंत्र रोग आहेत. वर सांगितलेले सगळे मुलूख स्क्वॅमस या प्रकाराचे. तो अन्ननलिकेच्या मूळ अस्तरात होतो. तंबाखू, दारू, सुपारी, कढत पेये, कुपोषण ही त्याची कारणे, आणि जगातले दहापैकी आठाहून अधिक रुग्ण त्याचे. दुसरा ॲडिनोकार्सिनोमा. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते, आणि अशा बदललेल्या अस्तरात तो उद्भवतो. या बदलाला लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांचे नाव आहे. ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका या स्थूल आणि सुखवस्तू समाजांत हा प्रकार गेल्या अर्धशतकात झपाट्याने वाढला. त्यामुळे ब्रिटनचे निकाल आणि भारताचे निकाल शेजारी मांडणारा तक्ता दिसला की आधी विचारायचे: रोग तोच आहे का?

औषधोपचारांच्या बातम्यांतही हाच घोळ होतो. आज जगभर, आपल्याकडेही, शस्त्रक्रियेआधी केमो आणि रेडिएशन एकत्र देण्याची जी पद्धत रुळली आहे तिचा मुख्य आधार म्हणजे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली नेदरलँड्समधली ‘क्रॉस’ चाचणी. एकूण ३६६ रुग्ण. नुसत्या शस्त्रक्रियेने मध्यम आयुर्मान २४ महिने, आधी केमो-रेडिएशन दिल्यावर ४९. त्यांत स्क्वॅमसचे रुग्ण चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. फायदा मात्र त्यांनाच सर्वांत ठळक झाला, हे आपले नशीब. पुढे रस्ते फुटले. जर्मनीतल्या चाचणीने २०२५ च्या आरंभी दाखवले की ॲडिनोकार्सिनोमात चार औषधांची ‘फ्लॉट’ केमो ‘क्रॉस’ पद्धतीला मागे टाकते. त्या चाचणीत स्क्वॅमसचा एकही रुग्ण घेतलेला नव्हता. जपानने २०२४ मध्ये स्क्वॅमसच्या ६०१ रुग्णांवरचे निकाल मांडले. तिथे तीन औषधांची केमो दोन औषधांना सरस ठरली आणि रेडिएशनची जोड देऊन फारसे काही हाती लागले नाही. तात्पर्य, ‘अन्ननलिकेच्या कर्करोगावर नवी केमो’ असा मथळा पेपरात वाचून भारतातल्या नातेवाईकाने डॉक्टरकडे धाव घेतली, तर ती त्याच्या माणसासाठी नसण्याची शक्यताच जास्त.

औषधांचा भाग इथेच सोडायला हरकत नाही. वाचणाऱ्यांच्या आकड्यांत देशादेशांत जी दरी दिसते तिचा मोठा वाटा औषधांच्या बाटलीत नाही.

अन्ननलिका जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची, लवचीक नळी. आतड्याला जसे बाहेरून एक जादा आवरण असते तसे तिला नाही. शेजारी श्वासनलिका, महाधमनी, हृदय. गाठीला पसरायला वाट मोकळी, आणि नळी ताणली जात असल्यामुळे रुग्णाला त्रास जाणवतो तो उशिरा. मार्ग निम्म्याहून अरुंद झाला की मग घास अडतो. तेव्हाही माणूस लगेच डॉक्टरकडे जात नाही. तो जेवण बदलतो. भाकरी कुस्करून दुधात भिजवली जाते. मग भाकरीच्या जागी भात येतो, नुसता भात अडायला लागला की मऊ भात, मग वरणाचे पाणी, मग पेज. घरातले म्हणतात वय झाले, दात नाहीत, पित्त वाढले. गावातला डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देतो आणि गोळीने चार दिवस बरेही वाटते. पाणी गिळताना ठसका लागू लागतो तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीचा विषय निघतो. तोवर वजन दहा-पंधरा किलोने उतरलेले, आणि गाठ अस्तर ओलांडून गेलेली असते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत ही हकिगत जवळपास याच क्रमाने ऐकायला मिळते. घास अडू लागल्याला किती दिवस झाले, हा डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न, आणि उत्तर बहुतेकदा महिन्यांत येते.

जपानची गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे जठराचा कर्करोग पूर्वापार जास्त, म्हणून जठराच्या तपासणीची सवय समाजात मुरलेली. आधी बेरियम पाजून क्ष-किरण तपासणी असे. अलीकडच्या सरकारी कार्यक्रमात दुर्बीणही आली. जठराकडे जाणारी दुर्बीण अन्ननलिकेतूनच जाते. डॉक्टर निळ्या-हिरव्या प्रकाशाचा झोत टाकून किंवा आयोडिनचे द्रावण फवारून जाता-जाता अस्तर पाहून घेतात. आयोडिनने निरोगी अस्तर गडद तपकिरी होते, बिघडलेला भाग फिका राहतो. असा नखाएवढा फिका डाग वेळेत दिसला तर दुर्बिणीतूनच अस्तराचा तेवढा थर सोलून काढता येतो. छाती उघडावी लागत नाही. हे तंत्रही जपाननेच घडवले. दारूने चेहरा लाल होणाऱ्यांचा पूर्व आशियात मोठा वर्ग आहे, साधारण तिघांत एक. त्यांच्या शरीरात दारूतून निर्माण होणारे एक विषारी द्रव्य नीट विघटित होत नाही, आणि अशांनी दारू चालू ठेवली तर या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो, हे जपानी डॉक्टरांनी साध्या प्रश्नावलीत बसवले. २०१० ते २०१४ या वर्षांत निदान झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण जपानमध्ये सुमारे ३६ टक्के निघाले. याच मापाने बहुतेक देश दहा ते तीसच्या दरम्यान अडकलेले आहेत. इंग्लंडसारख्या, मोफत आरोग्यसेवा असलेल्या देशातही हे प्रमाण पाचात एकापेक्षा कमी.

अर्थात या टक्केवारीत एक छुपा फुगवटा असतो. रोग लवकर पकडला की निदानाची तारीख मागे सरकते आणि मृत्यू त्याच दिवशी झाला तरी ‘निदानानंतरची वर्षे’ वाढलेली दिसतात. म्हणून शंकेखोर लोक विचारतात, की खरोखर मृत्यू कमी झाले का? या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर पुन्हा चीनच्या एका ग्रामीण भागातून आले. हेबेई प्रांतातल्या त्सिश्यान परगण्यात १४ गावांतल्या चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या ६,८२७ लोकांना एकदाच, आयुष्यात एकदा, आयोडिनसह दुर्बिणीच्या तपासणीला बोलावले. आले निम्म्याहून थोडे कमी. शेजारच्या दहा गावांत काहीच केले नाही. दहा वर्षांनंतर या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण पहिल्या गावांत ३.३५ टक्के, दुसऱ्या गावांत ५.०५. म्हणजे बोलावलेल्यांतले निम्मे आलेच नाहीत तरी मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले. चीनमध्ये देशपातळीवर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २००३ ते २००५ मधल्या २०.९ टक्क्यांवरून दहा वर्षांत ३०.३ वर गेले. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मात्र इतके साधले नव्हते. लिनश्यानमध्येच १९८६ ते १९९१ या काळात जवळपास तीस हजार लोकांना निरनिराळ्या गोळ्या देऊन पाहिल्या. सेलेनियम, ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन एकत्र घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी कमी झाले, पण अन्ननलिकेच्या कर्करोगाने दाद दिली नाही.

रोग पुढे गेलेला, पण काढता येण्याजोगा, असा रुग्ण आता शल्यविशारदापुढे येतो. इथे दुसऱ्या नकाशावरची सर्वांत अस्वस्थ करणारी रेघ आहे, आणि ती श्रीमंत देशांच्या आतून जाते. या शस्त्रक्रियेत अन्ननलिका काढून टाकतात, जठराची नळी करून ती छातीतून वर, कधी थेट मानेपर्यंत ओढून जोडतात. पोट, छाती आणि कधी मान अशा दोन-तीन ठिकाणी काम. सहा-आठ तास सहज जातात. अमेरिकेत वयोवृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासून जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला त्याने खळबळ माजली. वर्षाला दोनपेक्षा कमी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत शंभरातले २० रुग्ण दगावत. वर्षाला वीस किंवा जास्त होणाऱ्या ठिकाणी आठ. रोग तोच, देश तोच, विमाही तोच.

यावरून ‘हात बसलेला सर्जन गाठा’ एवढाच बोध घेणे सोपे आहे, पण पुढच्या अभ्यासांनी चित्र थोडे वेगळे दाखवले. मोठ्या शस्त्रक्रियांनंतरची गुंतागुंत चांगल्या आणि वाईट रुग्णालयांत फारशी कमी-जास्त नसते. सांध्यातून गळती दोन्हीकडे होते, न्यूमोनिया दोन्हीकडे होतो. फरक पडतो तो त्यानंतर. चौथ्या रात्री रुग्णाची नाडी वाढली, जरा धाप लागली, हे रात्रपाळीच्या परिचारिकेने टिपले का? तिने फोन केल्यावर कोणी उठून आले का? रात्री दोन वाजता सीटी स्कॅन झाला का, रेडिओलॉजिस्टने तो पाहिला का? ज्या वॉर्डात असे रुग्ण आठवड्याला येतात तिथे ही साखळी आपोआप फिरते. वर्षातून एकदा येतात तिथे ती जुळेपर्यंत सकाळ होते.

नेदरलँड्सने यावर सरळ कायद्यासारखा नियम केला: २००६ पासून वर्षाला किमान दहा, २०११ पासून किमान वीस शस्त्रक्रिया, नाहीतर हे काम बंद. इंग्लंडने २००१ च्या मार्गदर्शिकेत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येमागे एक केंद्र अशी आखणी केली, आणि पुढे दरवर्षी केंद्रवार निकाल नावानिशी छापायला सुरुवात केली. छोट्या रुग्णालयांनी कुरकुर केली, रुग्णांना लांब जावे लागले, पण मृत्यू घटले. तरी गंमत पाहा: त्याच नेदरलँड्समध्ये नंतर आढळले, की शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी एकवटल्यावरही, रुग्णाचे निदान प्रथम कोणत्या रुग्णालयात झाले यावर त्याला बरे करण्याच्या हेतूने उपचार मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरत होते. पहिल्या डॉक्टरने ‘आता काही उपयोग नाही’ म्हटले की रुग्ण मोठ्या केंद्रापर्यंत जातच नाही. अमेरिकेत तेच वर्णाच्या रेषेने होते. सारख्याच टप्प्यातल्या रोगासाठी काळ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले आहे.

केनियाच्या पश्चिमेला बोमेट गावी टेनवेक नावाचे मिशनरी रुग्णालय आहे. तिथे येणाऱ्या अन्ननलिकेच्या रुग्णांत सुमारे सहा टक्के तिशीचे किंवा त्याहून लहान. चीन किंवा इराणमध्ये या वयाचे रुग्ण क्वचितच दिसतात. का, याचे पक्के उत्तर अजून नाही. बहुतेकजण येतात तेव्हा पाणीसुद्धा उतरत नसते. रेडिएशन दूर, शस्त्रक्रियेची वेळ टळलेली. तिथले शल्यविशारद रसेल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे हाती होते त्यातून मार्ग काढला. स्टेंट, म्हणजे आपोआप उमलणारी धातूची जाळीदार नळी, गाठीच्या अरुंद जागेत बसवायची. पाश्चात्त्य रुग्णालयांत हे काम क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत करतात. टेनवेकमध्ये ते नुसत्या दुर्बिणीच्या आधाराने करायची पद्धत बसवली. बरेच रुग्ण फार न थांबता घरी जातात आणि पुन्हा तोंडाने खाऊ लागतात. कर्करोग तिथेच असतो. काही महिने मिळतात, ते भुकेने तळमळण्यात जात नाहीत. या अनुभवावर आधारलेला शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे पूर्व आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन स्टेंट स्वस्तात मिळवण्याचे आणि ते बसवायला शिकवण्याचे काम हाती घेतले. मलावीत अगदी अलीकडेपर्यंत रेडिएशनचे एकही यंत्र नव्हते, हे लक्षात घेतले तर या कामाचे मोल कळते. ‘जगण्याचे प्रमाण’ या एकाच मापाने टेनवेक शेवटच्या रांगेत जाईल. ते माप तिथे अपुरे आहे.

भारतात या दोन्ही टोकांचे नमुने एकाच देशात, कधी एकाच आगगाडीत सापडतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या शस्त्रक्रिया ज्या संख्येने आणि ज्या सफाईने होतात ते जगातल्या मोठ्या केंद्रांच्या तोडीचे आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत असा सारा देश लोटतो. पण उपचारांचा हिशेब नुसत्या शस्त्रक्रियेवर संपत नाही. ‘क्रॉस’ पद्धतीत रेडिएशनच्या २३ मात्रा असतात, सोमवार ते शुक्रवार, रोज एक, असे जवळपास पाच आठवडे. यंत्राखाली दरवेळी काही मिनिटे. नेदरलँड्समधला रुग्ण ती घेऊन संध्याकाळी घरी जेवायला जातो. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून मुंबईत आलेल्याला त्या काही मिनिटांसाठी पाच आठवडे राहायला जागा लागते, सोबतीला माणूस लागतो, आणि गिळता येत नसलेल्या माणसासाठी रोज मिक्सरमधून काढलेले पातळ जेवण लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळमधले नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा जागांनी हा भार वर्षानुवर्षे उचलला आहे. तरी परळच्या पदपथावर पथारी टाकलेले रुग्ण मुंबईकराला नवे नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा खर्च निघतो. सोबत्याची बुडालेली मजुरी निघत नाही, आणि उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणाऱ्यांची कारणे विचारली तर बऱ्याचदा तीच पुढे येते.

म्हणून उपचार रुग्णाकडे नेण्याचे प्रयत्न महत्त्वाचे. आसाम सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्या कर्करोग रुग्णालयांच्या साखळीतली सात रुग्णालये एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. गुवाहाटीच्या बरुआ कर्करोग संस्थेला टाटा स्मारक केंद्राचा हात मिळाला. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांना एकसारख्या उपचारपद्धतीवर आणण्याचा घाट घातला आणि औषधांची एकत्रित खरेदी करून किमती कितीतरी खाली आणल्या. रेडिएशन आणि केमो घराजवळ, शस्त्रक्रिया तेवढी मोठ्या केंद्रात, अशी वाटणी केली तर डच नियमाचा फायदा घेता येतो आणि त्याची भारतीय किंमतही मोजावी लागत नाही. हे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात केमो-रेडिएशन संपल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. दोन रुग्णालयांच्या फायली, स्कॅनच्या सीडी आणि दोन प्रतीक्षायाद्या जुळल्या नाहीत तर ती वेळ निघून जाते.

या सगळ्यात महाराष्ट्राकडे एक जुनी पुंजी आहे, ती नोंदीची. भारतातली पहिली कर्करोग नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, डॉ. दाराब जस्सावाला आणि इंडियन कॅन्सर सोसायटी यांचे ते काम. ग्रामीण भागातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सुरू झाली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात आलाच नाही तर त्याची नोंद होणार कशी? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांना भेटत, लक्षणे समजावत आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणत. काही वर्षांनी डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांना दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. कुठलेही यंत्र न आणता, नुसते मोजायला गेलेल्या माणसांनी हा फरक पाडला होता. अन्ननलिकेच्या बाबतीत असे व्हायला, घास अडणे हे दुर्बिणीचे लक्षण आहे, गोळीचे नाही, एवढे तालुक्याच्या डॉक्टरला आणि मशेरी लावणाऱ्या बाईला एकाच वेळी कळावे लागेल. आणि तालुक्यापासून तासाभराच्या अंतरावर दुर्बीण, ती वापरणारा माणूस आणि बायप्सी तपासणारी प्रयोगशाळा असावी लागेल. महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांना हे लागू पडते, याचा विचार वाचकाने आपापल्या तालुक्यापासून सुरू करावा.

शस्त्रक्रिया यशस्वी होऊन घरी गेलेल्यांबद्दल अखेरीस थोडे, कारण तौलनिक तक्त्यांत त्यांच्यापुढे ‘हयात’ एवढेच लिहिलेले असते. जठराची नळी झालेली असल्यामुळे त्यांना एका वेळी चार घासच जातात, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा खावे लागते. आडवे झाले की खाल्लेले वर येते, म्हणून झोपताना डोके आणि छाती उंच ठेवावी लागते. गोड खाल्ले की काहींना घाम फुटतो, धडधडते. काहींचा सांधा काही महिन्यांनी आकसतो, पुन्हा घास अडू लागतो, आणि रोगच परतला या भीतीने घर हादरते. बहुतेकदा तो नुसता व्रण असतो. दुर्बिणीतून फुगा घालून जागा रुंद केली की पंधरा-वीस मिनिटांत काम होते, फक्त ते दोन-चार वेळा करावे लागते. मोठ्या केंद्रात आहारतज्ज्ञ हे सगळे डिस्चार्जआधी समजावतात, आणि शहरातला रुग्ण पुढच्या वेळी सकाळी येऊन दुपारी घरी जातो. मेघालयातल्या डोंगरावरच्या गावातून मुंबईला येऊन शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णाला त्याच वीस मिनिटांसाठी शिलाँग किंवा गुवाहाटी गाठावे लागते. तिथल्या डॉक्टरच्या हाती मुंबईची कागदपत्रे असतील तर ते त्याच दिवशी होते. नसतील तर बायप्सीपासून सगळे नव्याने सुरू होते.